थिन क्लायंटवर स्टार्टअप प्रोग्रॅम रूटविना चालवताना या चुका टाळा

थिन क्लायंट (सर्व्हरच्या आधारे चालणारे हलके, येथे लिनक्सवरचे यंत्र) सुरू होताच ब्राउझर, रिमोट डेस्कटॉप किंवा बारकोड स्कॅनर वाचणारी एखादी छोटी स्क्रिप्ट आपोआप चालू व्हावी आणि ती रूटच्या (सर्व अधिकार असलेल्या प्रशासक खात्याच्या) नव्हे तर साध्या युजरच्या नावाने चालावी, ही अपेक्षा रास्तच आहे. बूटच्या वेळी मात्र बहुतेक कामे रूट म्हणून चालतात, आणि तेथे युजर बदलला की काम झाले असा समज होतो. प्रत्यक्षात बदलतो तो प्रामुख्याने ओळख क्रमांक. त्या युजरचा डिस्प्ले आणि त्याचे लॉगिन सेशन त्यामुळे हाती येत नाही. पुढील बऱ्याचशा चुका येथूनच उगवतात.

बूट स्क्रिप्टमध्ये युजर बदलणारी ‘सु’ (su) कमांड वापरणारे अनेकजण तिच्यापुढचा सुटा हायफन विसरतात. तो नसेल तर चालू फोल्डर आणि पाथसह (कमांड कोठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) बरेचसे एन्व्हायरन्मेंट, म्हणजे प्रोग्रॅमला मिळणाऱ्या सेटिंग्ज, बूट स्क्रिप्टचेच राहते, युजरची प्रोफाइल वाचली जात नाही, आणि टर्मिनलवर बिनतक्रार चालणारी कमांड बूटच्या वेळी ‘सापडली नाही’ म्हणून थांबते. दुसरी, सहज न दिसणारी चूक अवतरणचिन्हांची आहे. आउटपुट लॉग फाइलकडे वळवणारे चिन्ह अवतरणाबाहेर राहिले, तर ती फाइल युजरचे नव्हे, रूटचे शेल तयार करते. सुरुवातीला सगळे सुरळीत दिसते. पण प्रोग्रॅमने ती फाइल स्वतः पुन्हा उघडायचा प्रयत्न केला की परवानगी नाकारली जाते.

स्क्रीनवर दिसणारा प्रोग्रॅम बूट स्क्रिप्टमधून सुरू करण्याचा हट्टच मुळात सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या क्षणी एक्स सर्व्हर (स्क्रीनवर चित्र दाखवणारा प्रोग्रॅम) बहुधा उभाही राहिलेला नसतो, आणि असला तरी युजरच्या एक्सऑथॉरिटी फाइलमधील किल्लीविना तो दार उघडत नाही. यावर डिस्प्लेवर कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या ‘एक्सहोस्ट’ कमांडला अधिकचे चिन्ह देऊन सर्वांना प्रवेश मोकळा करण्याचा तोडगा सर्रास सुचवला जातो; त्यामुळे त्या डिस्प्लेपर्यंत पोहोचू शकणारा कोणताही प्रोग्रॅम युजरची टंकलेली अक्षरे वाचू शकतो. त्यापेक्षा डिस्प्ले मॅनेजरमध्ये (लॉगिनचा पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्या युजरचे ऑटो-लॉगिन लावावे आणि ऑटोस्टार्ट फोल्डरमध्ये डेस्कटॉप फाइल (कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते सांगणारी छोटी फाइल) ठेवावी. ती सेशन उभे राहिल्यावर, त्याच युजरच्या नावाने चालते. चाचणीपुरता प्रोग्रॅम रूट म्हणून चालवण्याचा मोहही टाळावा, कारण एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे गेली की युजरचे लॉगिन पुन्हा पुन्हा लॉगिनच्या पडद्यावर परत येते.

स्क्रीन न लागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी सिस्टमडीची (लिनक्समधील कामे सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस लिहून तिच्यात ‘युजर’ ही ओळ देणे सर्वांत स्वच्छ. नेटवर्कवर अवलंबून असलेल्या सर्व्हिसमध्ये ‘आफ्टर’ ही ओळ फक्त क्रम ठरवते, म्हणून नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटसाठी ‘वॉन्ट्स’ही लिहावे लागते. युजर सर्व्हिस (सिस्टमची नव्हे, त्या युजरच्या स्वतःच्या खात्यातील सर्व्हिस) निवडली तर ती लॉगिनची वाट पाहते. लॉगिनविना ती चालावी यासाठी ‘लिंगर’ सुरू करावे लागते.

येथेच थिन क्लायंटचे वेगळेपण आडवे येते. रूट फाइल सिस्टम (लिनक्सच्या मूळ फाइलींचा साठा) बहुधा नेटवर्कवरून येते आणि तिच्यावरचे बदल अनेकदा फक्त मेमरीत राहतात, त्यामुळे चालू यंत्रावर बदललेली मालकी, ग्रुपमध्ये घातलेला युजर आणि लिंगरची नोंद हे सारे रीबूटनंतर नाहीसे होते. हे बदल सर्व्हरवरील मूळ इमेजमध्येच करावेत, आणि तात्पुरते फोल्डर सर्व्हिसमधील ‘रनटाइम डिरेक्टरी’ या ओळीने दर वेळी नव्याने तयार होऊ द्यावे. होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीवर) असेल तर आणखी एक गंमत घडते: लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर रूट-स्क्वॅश मुळातच चालू असते, म्हणून क्लायंटवरचा रूट तेथे निनावी पाहुणा ठरतो आणि युजरपेक्षाही दुबळा पडतो. युजरचे नाव एकच पण क्रमांक क्लायंटवर 1000 आणि सर्व्हरवर 1001 असेल, तरीही नेहमीच्या मांडणीत लेखन अडते, कारण एनएफएस नाव पाहत नाही, क्रमांक पाहते.

परवानगीची तक्रार आली की 777 (सर्वांना सर्व परवानग्या) देणे किंवा साध्या युजरला रूटचे अधिकार देणाऱ्या सुडोमध्ये पासवर्डविना सर्व कमांड खुल्या करणे म्हणजे रूट टाळण्याचा हेतूच मोडीत काढणे. डेबियन कुळातील सिस्टमवर सिरियल पोर्टसाठी डायलआउट ग्रुप पुरतो, तर 1024 खालील पोर्ट उघडण्यासाठी सर्व्हिसला तेवढीच एक कॅपेबिलिटी (रूटच्या अधिकारांपैकी एक सुटा अधिकार) देता येते. स्क्रिप्टवर सेट-युआयडी बिट (फाइल तिच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) लावून उपयोग नाही. लिनक्स ते दुर्लक्षितच करते.

दोष शोधताना स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच युजर, चालू फोल्डर आणि एन्व्हायरन्मेंट दाखवणाऱ्या ‘आयडी’, ‘पीडब्ल्यूडी’ आणि ‘एन्व्ह’ या कमांडचे आउटपुट लॉगमध्ये लिहून घ्यावे आणि टर्मिनलवरच्या आउटपुटशी ताडून पाहावे. फरक बहुधा तेथेच सापडतो. हा लॉग आणि जर्नल (सिस्टमडीची नोंदवही) दोन्ही मेमरीत राहत असतील तर रीबूटबरोबर पुरावाही जातो, म्हणून चाचणीच्या काळात ते सर्व्हरकडे पाठवण्याची व्यवस्था आधी करावी.