वक्र प्लास्टिकवरील छपाई : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मोटारीच्या डॅशबोर्डवरील बटणे, मिक्सरच्या रेग्युलेटरचे नॉब, शाम्पूच्या बाटल्या, दह्याचे कप अशा वस्तूंवरील अक्षरे आणि चित्रे छापणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. भोसरी-चाकण पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांमुळे या कामाला सतत मागणी असते. मुद्रणाची पदविका घेतलेली मुले येतात तेव्हा त्यांना कागद आणि रंग यांचे चांगले ज्ञान असते, पण प्लास्टिक त्यांच्यासाठी नवे असते. आणि प्लास्टिक तंत्रज्ञान शिकून आलेल्यांची स्थिती नेमकी उलट असते. माझ्या मते यंत्रापेक्षा आधी प्लास्टिक ओळखायला शिकावे.

याचे कारण असे की शाई चिकटणे हे पृष्ठभागाच्या ऊर्जेवर अवलंबून असते. एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक यांवर योग्य शाई सहसा विशेष प्रक्रियेशिवाय बसते. पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिथिलीन यांची पृष्ठभाग-ऊर्जा मात्र साधारण 30 डाइनच्या (डाइन प्रति सेंटिमीटर हे या ऊर्जेचे माप) आसपास असते आणि शाई नीट पसरून धरण्यासाठी ती 38 डाइनच्या पुढे न्यावी लागते. त्यासाठी निळ्या ज्योतीखालून भाग वेगाने फिरवून घेतात (याला फ्लेमिंग म्हणतात) किंवा कोरोना प्रक्रिया, म्हणजे पृष्ठभागावर उच्च दाबाच्या विजेचा मारा, करतात. फ्लेमिंग केलेला भाग हाताच्या बोटांनी छपाईच्या जागी धरू नये आणि शक्यतो लगेच छापावा, कारण प्रक्रियेचा परिणाम दिवसागणिक उतरत जातो. डाइन पेनने, म्हणजे ठरावीक डाइनचा द्रव भरलेल्या पेनने, रेघ ओढून ती तुटते (ऊर्जा कमी) की अखंड राहते (ऊर्जा पुरेशी) हे पाहण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्यावी. साच्यावर मारलेल्या सिलिकॉन स्प्रेचा अंश भागावर राहिला असेल, तर उत्तम शाईही चाचणीसाठी चिकटवून ओढलेल्या टेपबरोबर निघून येते, आणि दोष मात्र नेहमी छपाई विभागाच्या माथी येतो.

सुरुवात पॅड प्रिंटिंगपासून, म्हणजे प्लेटवरील चित्राची शाई मऊ पॅडने उचलून वस्तूवर उमटवण्याच्या पद्धतीपासून, करावी असे मी आग्रहाने सांगतो. घड्याळांच्या तबकड्यांवर जिलेटिनच्या पॅडने छपाई होत असे; त्याच कल्पनेला पुढे सिलिकॉनच्या पॅडने औद्योगिक रूप दिले. प्लेटवर चित्र साधारण 20 ते 25 मायक्रॉन खोल कोरलेले असते. त्यात भरलेल्या शाईच्या वरच्या थरातील थिनर उडाला की ती चिकट होते आणि पॅडला लागून वर येते. पॅड भागाकडे जात असताना शाईची बाहेरची बाजू चिकट होते, म्हणून ती पॅड सोडून प्लास्टिकला धरते. सगळी कला या काही क्षणांच्या बाष्पीभवनात आहे. मे महिन्यातील दुपारी जलद थिनर वापरल्यास शाई प्लेटमध्येच सुकते आणि पॅड ती उचलत नाही, तेव्हा रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर, लागतो. हिवाळ्यातील कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे अक्षरांच्या कडांना केसांसारख्या रेषा फुटतात.

पॅड निमुळता का असतो, हे नवख्याला लवकर समजत नाही. टोक प्रथम टेकते आणि पॅड बाहेरच्या दिशेने पसरत जातो, त्यामुळे मधली हवा निघून जाते. सपाट पॅडखाली ती अडकते आणि छपाईत पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढी छिद्रे, पडतात. टोक स्वतः चित्रावर येणार नाही अशा बेताने पॅड लावावा. फार वक्र भागावर पॅड ताणला जाऊन अक्षरे फाकतात. अशा वेळी अंदाज बांधत बसण्याऐवजी मिलिमीटरच्या चौकटींची जाळी भागावर छापावी, चौकटी कुठे किती ताणल्या ते मोजावे आणि त्या प्रमाणात मूळ चित्र आकुंचित करून नवी प्लेट बनवावी.

छापताना भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्याकडे, म्हणजे जिगकडे, फार थोडे लोक लक्ष देतात. पोकळ, पातळ भिंतीचा भाग खालून पूर्ण टेकलेला नसेल तर पॅडच्या दाबाने तो दबतो आणि दुसरा रंग पहिल्याशी जुळत नाही. प्रत्यक्ष भागावरूनच रेझिनचा साचा ओतून जिग बनवणारा कारागीर ज्या कारखान्यात आहे, तिथे रिजेक्शन कमी असते.

बाटलीच्या संपूर्ण घेरावर छापायचे असल्यास पॅड उपयोगाचा नाही. तिथे स्क्रीन प्रिंटिंग वापरतात : चित्राची जाळी, म्हणजे स्क्रीन, सरळ रेषेत सरकते, तिच्याखाली बाटली त्याच गतीने फिरते आणि शाई जाळीतून दाबणारी रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, जागेवर स्थिर राहते. कप निमुळता असेल तर चित्र कमानीच्या आकारात रचावे लागते आणि स्क्रीनही कमानीत फिरवावी लागते. थेट वस्तूवर छापणाऱ्या यूव्ही इंकजेट यंत्रांचे आकर्षण मी समजू शकतो, आणि थोड्या नगांसाठी ती सोयीचीही आहेत, परंतु शाईचे थेंब सोडणारे हेड आणि पृष्ठभाग यांतील अंतर काही मिलिमीटरांपेक्षा वाढले की शाईचे थेंब भरकटतात, त्यामुळे खोल वळणांवर ती अजून पॅडची जागा घेत नाहीत.

शिक्षणासाठी सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक तंत्रज्ञान संस्थेचे छत्रपती संभाजीनगर येथील केंद्र प्लास्टिकच्या बाजूने आणि पुण्या-मुंबईतील मुद्रण पदविका छपाईच्या बाजूने उपयोगी पडते. नोकरीसाठी मुलाखतीला जाल तेव्हा डाइन पेन कोण वापरतो, जिग कुठे बनतात आणि दोन घटकांच्या शाईत हार्डनर (शाई कडक करणारा दुसरा घटक) वजन करून घालतात की अंदाजाने, हे तीन प्रश्न विचारा. अंदाजाने घालत असतील, तर पगार थोडा कमी असला तरी दुसरा कारखाना पाहावा.