जुन्या गेटचं वेल्डिंग कसं सोडवायचं

जुनं गेट किंवा खिडकीची ग्रिल भंगारात मिळाली की बरेच जण ग्राइंडर काढतात आणि जोडाच्या दोन इंच अलीकडे पाईप उडवून मोकळे होतात. किलोवर विकायचं असेल तर खुशाल तसंच करा. पण तोच अँगल, तीच बिजागरी परत लावायची असेल तर वेल्डिंग कापायचं, माल नाही, आणि हे शिकायला खरंच फार वेळ लागत नाही.

आधी वायर ब्रशने रंग आणि गंज घासून काढा. मग कळतं की नुसते टाके मारलेत की पूर्ण लांबीचं वेल्डिंग आहे. मागची बाजू बघाच, पुढून फुल वेल्डिंग आणि मागे रंगाखाली दोन टाके लपलेले असतात, ते राहिले तर तुकडा हलत नाही आणि मग माणूस घण मारतो आणि चांगला सरळ अँगल वाकवून ठेवतो. आणि दोघांपैकी कोणता तुकडा वाचवायचा ते इथेच ठरवा, कारण थोडाफार ओरखडा एकाला तरी बसणारच. मी बिजागरी वाचवतो, पट्टीला लागलं तर लागू दे.

आता मुख्य काम. कोपऱ्यातलं वेल्डिंग त्रिकोणी भरलेलं असतं. ४ इंची ग्राइंडरला आधी जाड ग्राइंडिंग व्हील लावा आणि तो उंचवटा हळूहळू उतरवत न्या. थोडं घासा, थांबा, बघा. एका क्षणी दोन तुकड्यांच्या मधे केसासारखी काळी रेघ दिसायला लागते, तोच खरा जोड. रेघ दिसली की १ एमएमचं कटिंग व्हील लावून त्याच रेघेवरून काप द्या, पार आरपार जायचं नाही, शेवटचा पातळ पापुद्रा ठेवा. मग रेघेत छिन्नी बसवून हातोड्याचा एक नीट ठोका, जोड तडकन सुटतो. नाही सुटला तर जोर वाढवू नका, कुठेतरी टाका राहिलाय, शोधा.

कापताना तुकडा असा टेकवा की काप उघडत जाईल. दोन्ही टोकांना आधार आणि मधे कापताय तर माल खाली बसतो, काप मिटतो, व्हील अडकतं आणि मशीन अंगावर उसळतं. ही मशीन मिनिटाला ११-१२ हजार फेऱ्या मारते, त्यामुळे गार्ड काढून काम करायचंच नाही, व्हीलवर लिहिलेला आरपीएम मशीनपेक्षा कमी नको, आणि कटिंग व्हीलने बाजूने घासायचं नाही, ते फुटतं. व्हीलच्या मधल्या पत्र्याच्या रिंगवर एक्सपायरी छापलेली असते ती पण बघत जा. गॉगल हवाच, ओढणी किंवा सैल बाही नको.

लोखंडी कपाट किंवा वॉशिंग मशीनच्या बॉडीचं वेगळं असतं, तिथे स्पॉट वेल्डिंग, म्हणजे पत्र्यावर गोल खड्डे दिसतात. खड्ड्याच्या मधोमध सेंटर पंच मारा, ८ एमएमचं ड्रिल हळू चालवा, फक्त वरचा पत्रा पार व्हायला हवा. मग पातळ छिन्नी मधे घाला, पत्रे उलगडतात.

रेलिंगमधे स्टीलच्या पाईपला लोखंडी पट्टी जोडलेली असेल तर वेगळं करायलाच पाहिजे, कारण ३०४ स्टीलला (न गंजणारं स्टेनलेस स्टील) भाव बराच जास्त आणि लोखंड चिकटलेलं राहिलं की भंगारवाला भाव पाडतो. लोहचुंबक लावून बघा, पट्टीला चिकटेल, ३०४ ला जवळजवळ नाहीच. काप लोखंडाच्या बाजूने द्या, उरलेलं घासून काढा. पाईप परत वापरणार असाल तर लोखंडावर चालवलेलं व्हील त्यावर लावू नका, लोखंडाचे कण रुततात आणि महिन्याभरात गंजाचे ठिपके येतात.

जीआय पाईपवर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपवर, गॅस कटर चालवत असाल तर आधी जोडाजवळचा जस्ताचा थर घासून टाका, उघड्यावर बसा. जस्त ९०७ अंशाला उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि पेट्रोलची टाकी, शॉकअब्सॉर्बर, कुठलंही बंद भांडं ग्राइंडर किंवा गॅसने उघडायचं नाही, रिकामं दिसत असलं तरी नाही.

शेवटी ६० नंबरच्या फ्लॅप डिस्कने (पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती, ग्राइंडरलाच लागते) कडा मऊ करा आणि बिजागरीत तेल सोडून रात्रभर ठेवा. कापलेला तुकडा लगेच हातात घेऊ नका, लाल दिसत नसला तरी चटका बसतो.