प्लास्टरचं कोटेशन पाठवण्याआधी कसं तपासायचं

मजुरीवर काम घेणाऱ्या आपल्यासारख्यांचं कोटेशन रात्री दहाला तयार होतं आणि साडेदहाला व्हॉट्सअॅपवर रवाना होतं. दिवसभर साइटवर उभ्या असलेल्या माणसाला दुसरी वेळ कुठे मिळते? पण पुढच्या सात-आठ महिन्यांचं काय होणार ते त्या अर्ध्या तासात ठरतं. म्हणून एवढंच सांगणं आहे की कोटेशन एक रात्र थांबवा आणि सकाळी तपासा. तपासताना ते आपलं म्हणून वाचू नका. उद्या आपलं बिल कापायला बसणार असलेल्या बिलिंग इंजिनियरच्या नजरेने वाचा.

उदाहरण प्लास्टरचं घेतो, कारण मी पुण्याच्या आसपास तेच काम करतो. सिमेंट, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), पाणी, वीज मुख्य ठेकेदाराची. माणसं आणि हत्यारं आपली. टाइल्स, वीटकाम, सेंट्रिंगवाल्यांनाही (काँक्रीटचे साचे बांधणाऱ्यांनाही) यातलं बरंचसं लागू पडेल.

१. नकाशा कोणता, ते आधी बघा

ज्या नकाशावरून मापं काढली त्याचा क्रमांक, सुधारणा क्रमांक आणि तारीख कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहा. मग शेवटचा नकाशा तोच आहे का, हे फोन करून विचारा. मध्येच एखादी बाल्कनी बंद झालेली असते, टॉयलेटची भिंत सरकलेली असते आणि जुना नकाशा आपल्याच फोनमध्ये वर दिसत राहतो.

२. मापं दुसऱ्या वाटेने पडताळा

तीच एक्सेल शीट पुन्हा बेरजून उपयोग नाही. चूक असेल तर ती तशीच पुन्हा येईल. कोरा कागद घ्या आणि एक खोली हाताने काढा. ३.६ बाय ३ मीटरची बेडरूम, उंची २.८५. चार भिंती मिळून १३.२ गुणिले २.८५, म्हणजे ३७.६२ चौरस मीटर. छत १०.८. शीटमध्ये याच खोलीपुढे काय आकडा आहे? छत धरलंय की राहिलंय? बीमच्या बाजू? अशा दोन खोल्या आणि एक जिना जुळला तर बाकी शीटवर भरवसा ठेवायला हरकत नाही. जिना मात्र सोडू नका. तिथेच मापं सर्रास चुकतात.

मग येते वजावट. दारं-खिडक्यांची वजावट कशी करायची याचा नियम आयएस १२०० या बांधकाम मोजण्याच्या भारतीय मानकाच्या भाग १२ मध्ये आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघाड्याला (भिंतीतल्या मोकळ्या जागेला) वजावट नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरमधल्या उघाड्याला, भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचं प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट. तीनच्या वर दोन्ही बाजूंची वजावट होते, पण तेव्हा चौकटीच्या कडांचं माप वेगळं मिळतं.

बऱ्याच साइटवर मात्र सगळी वजावट दोन्ही बाजूंनी होते आणि आपण गप्प बसतो, कारण कोटेशनमध्ये त्याबद्दल काही लिहिलेलंच नसतं. हिशेब करून बघा. ०.९ बाय २.१ मीटरचं दार, फ्लॅटमागे अशी चार. एका बाजूचा फरक ७.५६ चौरस मीटर, म्हणजे ८१ चौरस फूट. फ्लॅट ५६ असतील तर साडेचार हजार चौरस फुटांचं काम करूनही त्याचे पैसे मिळत नाहीत. ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’ ही एक ओळ लिहिली तर निदान बोलायला जागा राहते.

एककही बघा. माप मीटरमध्ये आणि दर फुटाचा, असा गोंधळ वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. कोणी ब्रासचा दर मागितला तर प्लास्टरला ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळू-खडीचा ब्रास १०० घनफुटांचा. दर कशाचा आहे ते प्रत्येक ओळीत लिहा.

३. दर शून्यातून बांधा

‘गेल्या साइटला २२ होता, इथे २३ लावू’ हा दर नाही, अंदाज आहे. आतल्या प्लास्टरला आमचा एक गवंडी आणि एक बिगारी दिवसाला १०० ते १२० चौरस फूट काढतात. ११० धरू. गवंड्याची हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, समजा १,०००, बिगाऱ्याची ७००. १,७०० भागिले ११०, म्हणजे फुटाला १५.४५ रुपये. ही झाली निव्वळ हजेरी. त्यावर टाचे मारणं (प्लास्टर धरावं म्हणून काँक्रीटवर खाचा पाडणं) आणि चिकन मेश (तारेची जाळी) लावणं १.२०, परांची बांधणं-हलवणं १.१०, माल वर चढवणं १.७५, पाणी मारणं ०.६०. मुकादम, मजुरांच्या खोल्या, येणं-जाणं १.६०. झाले २१.७०. त्यावर १० टक्के नफा धरला की २३.८७. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण ओळी याच क्रमाने कागदावर उतरवा.

हा कागद कोटेशनसोबत द्यायचा नाही, तो आपल्यासाठी. बैठकीत समोरून ‘पाच टक्के कमी करा, काम तुमचं’ असं आलं की तो उघडायचा. २३.८७ वर पाच टक्के म्हणजे १.१९. आपला नफा होता २.१७. एका होकारात अर्ध्याहून जास्त नफा गेला, उरले ९८ पैसे. हे माहीत असताना होकार दिला तर तो निर्णय असतो, माहीत नसताना दिला तर नुकसान.

४. मोघम शब्द शोधून काढा

माझं सर्वांत मोठं नुकसान एका शब्दाने झालं. एका सात मजली इमारतीच्या कोटेशनमध्ये मी लिहिलं होतं, ‘बाहेरील प्लास्टर पूर्ण’. एलिव्हेशनला, म्हणजे बाहेरच्या दर्शनी बाजूला, प्रत्येक मजल्यावर ग्रूव्ह (खाच) होता, छज्ज्यांखाली पाणी गळून पडावं म्हणून ड्रिप मोल्ड, खिडक्यांभोवती पट्टा. ही रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, मोजायची कामं. गवंडी त्यात दिवसचे दिवस अडकतो. बिलात लावली तेव्हा इंजिनियरने माझंच कोटेशन पुढे सरकवलं आणि ‘पूर्ण’वर बोट ठेवलं. त्याचं बरोबर होतं. ते सगळं काम मी फुकट केलं, मजुरांना हजेरी मात्र पूर्ण द्यावी लागली.

तेव्हापासून ‘पूर्ण’, ‘इत्यादी’, ‘आवश्यकतेनुसार’ हे शब्द मी खोडतो. त्यांच्या जागी दोन याद्या येतात, दरात काय आहे आणि काय नाही. ग्रूव्ह आणि पट्टे वेगळ्या दराने. परांचीचं सामान कुणाचं. राडारोडा खाली कोण आणणार. जाडी तर नक्की लिहा: आतून १२ ते १५ मिमी, बाहेरून २० मिमी दोन थरांत, त्यापुढच्या जाडीला जादा दर. आरसीसीचा कॉलम ओळंब्यात नसेल तर प्लास्टर सहज ३५-४० मिमीवर जातं आणि सेंट्रिंगवाल्याची चूक आपला गवंडी झाकत बसतो.

ही यादी मुकादमाला वाचून दाखवा. मी एकदा संध्याकाळी साइटवरच सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर बसून वाचली. तो ऐकत ऐकत म्हणाला, ‘शेठ, नवव्या मजल्यावर माल कसा चढणार? होइस्टवर तर दिवसभर टाइल्सवाले असतात.’ होइस्ट म्हणजे माल वर न्यायची लिफ्ट. माझ्या कागदावर होइस्ट ही ओळच नव्हती. आता ‘होइस्ट रोज सकाळी दोन तास आमच्यासाठी’ अशी अट असते.

५. पैसे कधी आणि किती हातात पडतात

‘जीएसटी वेगळा’ हे लिहायला विसरू नका. बांधकामाच्या मजुरीवर साधारणपणे १८ टक्के लागतो. समोरच्याने २३.८७ जीएसटीसह धरला तर आपल्याला मिळतात २०.२३, आणि खर्चच २१.७० आहे. ८०,००० चौरस फुटांवर १ लाख १७ हजारांचा खड्डा. सामान आपलं नसल्याने इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जवळजवळ नसतंच.

टीडीएस (बिलातूनच आधी कापला जाणारा आयकर) एकट्याच्या मालकी फर्मला १ टक्का, भागीदारी किंवा कंपनीला २ टक्के कापला जातो. तो रिटर्नमध्ये हिशेबात येतो, पण आज हातात नसतो. रिटेन्शन (बिलातून अडकवून ठेवलेली रक्कम) किती टक्के आणि कधी सुटणार, हे तारखेसह विचारा. ‘काम संपल्यावर’ म्हणजे आपलं काम की इमारतीचं? पीएफ, ईएसआय आणि बांधकाम कामगार सेस बिलातून कापणार का, हेही आधीच विचारून दरात धरा.

आता खर्चीचा, म्हणजे बिल येईपर्यंत मजुरांना द्यायच्या उचलीचा, हिशेब. २० गवंडी, २० बिगारी, म्हणजे रोजचे ३४,०००, आठवड्याच्या सहा दिवसांचे २ लाख ४ हजार. बिल महिन्याच्या शेवटी टाकलं आणि ४५ दिवसांनी पैसे आले तर पहिला रुपया पंचाहत्तराव्या दिवशी दिसतो. तोवर सुमारे २२ लाखांची मजुरी चढलेली असते. निम्मी खर्ची दिली तरी ११ लाख. एवढे नसतील तर दर कितीही चांगला असला तरी ते काम आपल्याला झेपणार नाही. पंधरा दिवसांचं बिल आणि पंधरा दिवसांत पैसे, हे मागायला लाजू नका.

६. तारखा

कामाच्या वेळापत्रकावर सण आणि शेती मांडा. होळी आणि छठला उत्तरेकडचे मजूर गावी जातात, जूनमध्ये पेरणीला मराठवाड्याकडचे. बाहेरचं प्लास्टर पावसात येत असेल तर तेवढे दिवस वेगळे धरा आणि तसं लिहा. कोटेशनची मुदत ३० दिवस, हेही.

७. पाठवताना

छापून घ्या. स्क्रीनवर न दिसलेली चूक कागदावर दिसते. आकडे घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा, तुम्ही मूळ कागदावर बोट ठेवून ऐका. अंकी आणि अक्षरी रक्कम एकच आहे ना, प्रत्येक पानावर सही आहे ना, बघा. पाठवायचं ते पीडीएफ करून. एक्सेल पाठवली तर तिच्यात कोणीही बदल करू शकतं.

पाठवलेलं कोटेशन, तोच नकाशा आणि दर बांधल्याचा तो कागद एका पाकिटात घालून ठेवा. पहिलं रनिंग बिल (काम चालू असताना टाकलेलं) कापून येईल, त्या दिवशी बिलिंग इंजिनियरच्या टेबलाशी हेच पाकीट घेऊन बसायचं आहे.