शाळेसाठी राबणाऱ्या पालकांचा सन्मान कसा करावा

झेंडावंदन झालं की माईकवर नावं पुकारायला सुरुवात होते. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, वह्या वाटणारे, पंखा देणारे आणि मागच्या वर्षी पंखा देतो म्हणालेले. शाल-नारळ होईपर्यंत ऊन चढतं, पोरं चुळबुळ करू लागतात. पावसाळाभर ओढ्यावर थांबून पलीकडच्या वस्तीवरची मुलं हाताला धरून अलीकडे आणणारी बाई त्या वेळी मागच्या रांगेत कुणाचं तरी लेकरू कडेवर घेऊन टाळ्या वाजवत असते. तिला कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं. तिचं काम कुठे लिहिलेलंच नसतं, एवढंच.

सातारा-सांगलीकडच्या शाळांना लोकांच्या हातभाराची सवय जुनी आहे. १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, ती गावोगावच्या मूठ-मूठ धान्यावर वाढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आजही पालक शाळेसाठी राबतात आणि त्यांचं कौतुक व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं. गाडी अडते ती पद्धतीवर. पुढे जी पद्धत दिली आहे ती जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेला चालेल आणि शहरातल्या मोठ्या हायस्कूललाही.

१. ठरवणारे कोण, ते आधी ठरवा

सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. खासगी विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. विषय इथेच मांडायचा. मात्र निवड अख्ख्या समितीने करू नये. चार-पाच जणांची छोटी उपसमिती नेमा. एक शिक्षक, दोन पालक (त्यातली एक आई), लांबच्या वाडीवरचा एक जण आणि शाळेत मूल नसलेलं गावातलं एखादं जाणतं माणूस. हे शेवटचं माणूस फार उपयोगी पडतं, कारण त्याला कुणाच्या पोराच्या आईबापाची भीड नसते.

समितीत आणि उपसमितीत असलेल्यांची नावं त्या वर्षी विचारात घ्यायची नाहीत. यावर कुरकुर होईल. ‘सगळं काम तर आम्हीच करतो’ हे वाक्य येईल आणि ते बऱ्याचदा खरंही असेल. तरी नियम सोडू नका. मुदत संपल्यावर त्यांचाही विचार करता येईल.

२. जूनपासून नोंदवही ठेवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच टाळली जाते. जानेवारीत बसून ‘यंदा कुणी काय केलं बरं?’ असं आठवायला गेलं की जो डोळ्यांसमोर असतो त्याचंच नाव सुचतं. शाळेच्या गेटासमोर दुकान असलेला माणूस रोज दिसतो. पहाटे टाकी भरून कामाला निघून गेलेला दिसत नाही.

एक शंभरपानी वही घ्या. चार रकाने आखा: तारीख, नाव, केलेलं काम, कुणासाठी. बस. वही शिक्षकांच्या गळ्यात मारू नका, ते आधीच ऑनलाइन माहिती भरून भरून टेकीला आलेले असतात. एखाद्या पालकाकडे किंवा माता-पालक संघातल्या कुणाकडे ती द्या आणि दर शनिवारी शाळा सुटताना पाच मिनिटं शिक्षकांना विचारून भरून घ्या.

लिहायचं काय? इथे डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण मदत जागेप्रमाणे वेगळी असते. पाटण-जावळीच्या डोंगराळ भागात वाडीवरच्या मुलांसोबत रोज चालत येणारे आजोबा. जत-आटपाडीकडे उन्हाळ्यात शाळेतली झाडं टँकरच्या पाण्यावर जगवणारं कुटुंब. कृष्णाकाठी २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखं पाणी येऊन गेल्यावर वर्गातला गाळ उपसणारे हात. शिष्यवृत्ती किंवा नवोदयच्या परीक्षेला आपल्या मुलाबरोबर आणखी चार मुलांना गाडीत घालून केंद्रावर नेणारी आई. फुटलेले नळ न सांगता दुरुस्त करून जाणारा प्लंबर बाप. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तर आणखी एक काम असतं. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या आल्या की त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन त्यांची मुलं शाळेत आणून बसवणं. हे करणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर यायला हवं.

‘पालक’ म्हणजे आई-वडीलच असं धरू नका. विटा-आटपाडीकडचे कितीतरी बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी परराज्यांत असतात. घर आणि शाळा दोन्ही बघणारे आजी-आजोबा, काका, मामी यांची नोंद त्यांच्या स्वतःच्या नावाने करा.

दोन गोष्टी मात्र या वहीत मिसळू नका. पहिली देणगी. ज्यांनी संगणक दिला, रंग दिला, वाढदिवसासारख्या निमित्ताने मुलांना तिथीभोजन घातलं त्यांचे आभार जरूर माना, पण वेगळ्या यादीत. पैसा आणि राबणं एकाच यादीत आलं की पैसा वर सरकतो, हे गावात सांगायला नको. दुसरी गोष्ट मानधनावरची कामं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंचं काम मोलाचं असलं तरी ती त्यांची नोकरी आहे. ते मानधन वेळेवर मिळेल हे बघणं हाच त्यांचा पहिला सन्मान.

३. निकष तीनच ठेवा

गुणांचे तक्ते करू नका. गुण आले की अर्ध्या गुणावरून भांडणं आली. प्रत्येक नावाबद्दल तीन प्रश्न विचारा. काम एकदाच झालं की पुन्हा पुन्हा? ते झालं नसतं तर कुणाचं अडलं असतं? आणि त्याचा उपयोग स्वतःच्या मुलापलीकडे किती मुलांना झाला?

तास मोजू नयेत. रोजावर जाणाऱ्या बाईने रविवारचा एक तास देणं आणि निवांत माणसाने आठवड्याचे दहा तास देणं यांची तुलना होत नाही. पालकसभेतल्या हजेरीचाही निकष नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगावच्या द्राक्षबागेत काढणी चालू असताना सभेला कोण येणार? मुलाच्या गुणांचा तर इथे संबंधच नाही. अभ्यासात मागे असलेल्या मुलाची आई शाळेसाठी सगळ्यात जास्त झटत असेल, तर तिचा सत्कार त्या मुलालाही दिसू द्या.

४. नावं मागवा, मुलांकडूनही

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेत एक बंद डबा ठेवा. कुणीही चिठ्ठी टाकावी: कुणाचं नाव आणि त्यांनी नेमकं काय केलं. काम न लिहिलेली चिठ्ठी बाद. लिहिता न येणाऱ्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकून लिहून घ्यावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मतदान मात्र चुकूनही घेऊ नका. ज्याची भावकी मोठी, तो निवडून येईल.

तिसरी-चौथीच्या पुढच्या मुलांना वर्गात विचारा: ‘तुमच्या घरचं सोडून कुणाच्या आई-बाबांनी, आजी-आजोबांनी तुम्हाला शाळेत मदत केली?’ मोठ्यांच्या नजरेतून सुटलेली नावं इथे हमखास येतात.

५. निवड आणि ठराव

वही आणि चिठ्ठ्या समोर ठेवून उपसमितीने एकदाच बसावं. लहान शाळेत दोन-तीन, मोठ्या शाळेत पाच-सहा नावं पुरेत. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नकोत. पुढच्या मासिक सभेत सूचक-अनुमोदकासह ठराव करून इतिवृत्तात लिहा. एखादं नाव कुणी दबाव आणून पुढे रेटत असेल, तर ‘वहीत नोंद दाखवा’ एवढं म्हटलं की पुरतं.

वहीत नाव असूनही निवड न झालेले अनेक असतील. त्या सगळ्यांची नावं कामासह मोठ्या कागदावर लिहून शाळेच्या भिंतीवर लावा. खर्च शून्य, आणि रुसवेफुगवे निम्म्याने कमी.

६. आधी विचारा

अचानक स्टेजवर बोलावणं काहींना आवडतं, बऱ्याच जणांना नाही. घरी जाऊन विचारा. सन्मान घ्यायला आवडेल का, फोटो काढला आणि बाहेर दिला तर चालेल का, आणि नाव कसं लिहायचं? शेवटचा प्रश्न आईंना आवर्जून विचारा. कुणाला सासरचं आडनाव हवं असतं, कुणाला आपल्या आईचंही नाव मध्ये हवं असतं, कुणाला ‘सौ.’ नको असतं. ‘अमक्याची आई’ किंवा ‘तमक्याच्या मिसेस’ असं माईकवर पुकारायचं असेल तर सत्कार न केलेला बरा.

७. सन्मानपत्रात काम लिहा

बाजारात तयार सन्मानपत्रं मिळतात: ‘आपले शैक्षणिक क्षेत्रातील अमूल्य योगदान लक्षात घेऊन...’ त्यात नाव बदललं की कुणालाही चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. साध्या भाषेत चार ओळी लिहा. नमुना असा:

‘श्रीमती .......... यांनी जून ते डिसेंबर दर बुधवारी दुसरीच्या वर्गाला गोष्टी वाचून दाखवल्या. शेतातलं काम आटोपून त्या दुपारी दोनला येत. वर्गातली जी मुलं वाचायला घाबरत होती, ती आता पुस्तक मागून घेतात. शाळा त्यांची आभारी आहे.’

खाली मुख्याध्यापक, समितीचे अध्यक्ष आणि त्या वर्गातल्या दोन मुलांच्या सह्या. अक्षर चांगलं असलेल्या एखाद्या मुलाकडून लिहून घेतलंत तर छपाईपेक्षा देखणं दिसतं.

८. द्यायचं काय

शाली आणि नारळ यांचा आता लोकांनाच कंटाळा आला आहे. शाल त्याच पिशवीतून पुढच्या सत्काराला जाते. त्यापेक्षा एक पुस्तक, एखादं रोप किंवा त्या पालकाचा मुलांबरोबर काम करतानाचा चौकटीतला फोटो द्या. फोटो घरच्या भिंतीवर राहतो.

आईंचा सत्कार म्हणून हळदीकुंकू, ओटी किंवा साडी-चोळीचा घाट घालू नका. विधवा, परित्यक्ता आया तिथे अवघडतात किंवा येतच नाहीत, आणि एकटीने मूल वाढवत शाळेसाठी वेळ काढणाऱ्या नेमक्या त्याच असतात. सांगलीपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. शाळेने तरी त्याच्या मागे राहू नये. सगळ्यांना एकच वस्तू, एकाच पद्धतीने.

खर्च शाळेच्या अनुदानातून नको, छोट्या वर्गणीतून करा आणि पावत्या जपा.

९. दिवस आणि वेळ

शैक्षणिक वर्ष संपताना, एप्रिलमध्ये कार्यक्रम ठेवण्याकडे कल असतो. तोवर ऊसतोडीची कुटुंबं गावी परतलेली असतात, म्हणून मला जानेवारी बरा वाटतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. त्यांचा जन्म खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा, १८३१ चा. लहान शाळेत त्या दिवशीच्या परिपाठातच सन्मान उरकता येतो. मोठा कार्यक्रम करायचा असेल तर २६ जानेवारी. गाव जमलेलंच असतं आणि सकाळी लवकर सुरू केलं तर कुणाचा रोजाचा खाडा होत नाही. पुढाऱ्यांच्या सत्कारांच्या आधी पालकांचा सन्मान घ्या. नंतर ठेवलात तर तो रिकाम्या खुर्च्यांपुढे होईल. निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर स्टेजवर फक्त शाळेची माणसं असू द्या.

कार्यक्रम अर्ध्या-पाऊण तासाचा असावा. सन्मानपत्र एखाद्या मुलाने मोठ्याने वाचायचं, वर्गातल्या मुलांनी ते हातात द्यायचं. पालकाला बोलायचं असेल तर माईक द्या, नसेल तर आग्रह नको. पाहुण्यांचं एकच भाषण, तेही आधी वेळ सांगून. (पाहुणे वेळ पाळणार नाहीत, हे धरूनच नियोजन करा.)

टोळीतल्या एखाद्या आई-बापाची निवड झाली असेल आणि पहाटेच फडात जावं लागत असेल, तर पाच-सहा मुलं आणि शिक्षक घेऊन संध्याकाळी त्यांच्या तळावर जा. तिथेच वाचून दाखवा. त्यांच्या टोळीतले सगळे ऐकतील.

१०. नंतरची कामं

फोटो आणि बातमी त्याच दिवशी गावच्या वार्ताहराला पाठवा. नावं तुम्हीच टाइप करून द्या, नाहीतर आडनावाची मोडतोड होते. मुलांचे फोटो बाहेर देण्याआधी त्यांच्या पालकांना विचारा. सन्मानपत्राची प्रत शाळेच्या फाइलला लावा आणि नावं ग्रामसभेत वाचायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या.

सन्मान झाला म्हणून त्याच माणसावर आणखी कामं लादू नका. ‘तुम्ही तर आदर्श पालक’ म्हणत म्हणत एकाच बाईकडे वर्षभराची सगळी कामं सोपवलेल्या शाळा आहेत. त्या पालकांनी पुढच्या वर्षी मदत केली नाही तरी चालेल, हे त्यांना तोंडावर सांगा. मार्चच्या सभेत नोंदवही पुढच्या वर्षी कोण सांभाळणार ते ठरवून त्याच्या हातात द्या आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखून ठेवा.