ऑल-टेरेन टायर घेताय? साताऱ्याच्या रस्त्यांवर या चुका टाळा

आपल्याकडे एकाच दिवसात गाडीला तीन-चार तऱ्हेचे रस्ते लागतात. सकाळी हायवे, दुपारी शेताची पाणंद, संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात धुकं आणि पाऊस. त्यामुळे जुने टायर उतरले की दुकानात पहिला प्रश्न येतो, "या वेळी एटी टाकूया का?" एटी म्हणजे ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा टायर. टाका, जरूर टाका. पण त्याआधी महिनाभर आपण खरंच कुठे आणि किती फिरतो, ते कागदावर लिहून काढा. बहुतेकांच्या शंभरातल्या नव्वद किलोमीटरना डांबरच निघतं, आणि त्यातलं पावसाळ्यातलं डांबर ओलं असतं.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. टायर चिखल डोळ्यांसमोर ठेवून निवडला जातो, आणि ब्रेक लागतो तो ओल्या उतारावर. एटीच्या नक्षीत मोकळी जागा जास्त, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. त्यात ब्रेक दाबला की नक्षीचे उंच ठोकळे, म्हणजे गुटके, थोडे वाकतात. म्हणून ओल्या डांबरावर चांगल्या हायवे टायरच्या तुलनेत गाडी थांबायला बहुधा जास्त अंतर लागतं. बटन टायर, म्हणजे मड-टेरेन, तर आणखी मागे. रोज पुण्याला ये-जा असेल आणि वर्षातून दोनदाच कासच्या पुढे बामणोलीला उतरत असाल, तर हायवे टायरच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन.

दुकानात टायर हातात घेऊन एक गोष्ट तपासा. प्रत्येक गुटक्यावर नखाने चाचपून बघा, त्यात बारीक नागमोडी चिरा आहेत का आणि त्या किती खोल जातात. ओल्या रस्त्यावर पकड देण्यात या चिरांचा मोठा वाटा असतो. काही टायरांत त्या वरवरच्या असतात. निम्मी नक्षी झिजली की चिरा संपतात आणि गुळगुळीत ठोकळे उरतात.

"एक साईझ मोठा टाकू, गाडी भारी दिसेल"

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचं मला आजही वाईट वाटतं, कारण गाडीत आई-वडील बसत होते. बोलेरोचा मूळ टायर २१५/७५ आर१५. मी २३५/७५ आर१५ बसवले. दुकानदार म्हणाला, "काही होत नाही." हिशेब मात्र सरळ आहे. मूळ टायरची उंची साधारण ७०३ मिलिमीटर, नव्याची ७३३, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त फरक. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ च्या आसपास पळत असते. चढाला इंजिन जड वाटायला लागलं, ब्रेकवर जास्त जोर द्यावा लागला, आणि गाडी भरलेली असताना वळणावर पूर्ण स्टेअरिंग कापलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायचा. कंपनीने दिलेला साईझच ठेवा. बदलायचाच असेल, तर उंचीतला फरक तीन टक्क्यांच्या आत हवा.

साईझच्या आधी एलटी अक्षरं दिसली, तर आणखी सावध व्हा. हे टायर जड वजनासाठी बांधलेले असतात. बाजू जाड, त्यामुळे जांभ्याच्या धारदार दगडांनी सहज कापत नाहीत. चाळकेवाडीच्या पठारावर किंवा पाटणच्या आतल्या कच्च्या रस्त्यांवर सतत फिरणाऱ्याला ते खरंच उपयोगी आहेत. पण तेवढंच वजन पेलायला त्यांना साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, आणि रिकामी गाडी खड्ड्यात आदळते. बीएफगुडरिचचा केओ२ या जातीचा. योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५ त्या मानाने सौम्य, रोजच्या वापराला जवळचा. डोंगर आणि बर्फाच्या पाकळीचं चिन्ह बघून मात्र जास्त पैसे मोजू नका. ते बर्फावरच्या पकडीचं आहे, महाबळेश्वरच्या थंडीचा त्याच्याशी संबंध नाही.

उत्पादनाची तारीखही बघा. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपुढच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे २३२५ असतील, तर टायर २०२५ सालच्या २३व्या आठवड्यातला.

एटी आहे म्हणजे रुतणार नाही?

कृष्णाकाठची काळी माती ज्याने पायाला चिकटलेली पाहिली आहे, त्याला हे समजवायला नको. ती दोन फेऱ्यांत नक्षीत भरते आणि टायर चकचकीत रुळासारखा होतो. मुरूम, दगड, लाल माती यांवर एटी छान चालतो. काळ्या रानात त्याची मर्यादा लवकर येते. उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या पाणंदीत तर चाकोऱ्या एवढ्या खोल असतात की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो. तिथे टायर काय करणार? हवा २०-२२ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते, पण डांबरावर येण्याआधी ती परत भरायलाच हवी. कमी हवेत हायवेवर पळवलेला टायर तापतो आणि फुटू शकतो. बारा व्होल्टचा पंप गाडीत नसेल, तर हवा काढूच नका.

फोर बाय फोर गाडीला दोन नवे एटी आणि दोन जुने हायवे टायर ही जोडी लावू नका. उंची वेगळी असली की गिअरांवर ताण येतो. चारही सारखे घ्या, जमल्यास स्टेपनीसुद्धा.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

घूं-घूं आवाज वाढला की लोक आधी बेअरिंग बदलतात. थांबा. डावी-उजवीकडे हलकं वळताना आवाज कमी-जास्त झाला, तर बेअरिंगवर संशय घ्या. डांबरावरून काँक्रीटवर आल्यावर बदलला, तर टायर. नक्षीवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेला मऊ आणि उलट दिशेला करवतीच्या दातांसारखं लागलं, तर पुढच्या-मागच्या टायरांची अदलाबदल वेळेवर झालेली नाही. ती दर आठ हजार किलोमीटरला करा. फक्त एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्यभाग झिजला तर हवा जास्त.

आणि चिखलातून आल्यावर दुसऱ्या दिवशी ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरायला लागलं, तर लगेच बॅलन्सिंगचे पैसे देऊ नका. चाकाच्या आतल्या बाजूला बोटं घाला. रिमच्या कोपऱ्यात वाळून दगड झालेला चिखलाचा गोळा सापडेल. तो पाण्याने भिजवून काढा आणि गाडी पुन्हा चालवून बघा.