हसन बसरींच्या नावावरची गोष्ट पारखताना

इराकमधल्या बसरा शहरातले आद्य मुस्लिम संत-उपदेशक हसन बसरी यांच्यावर लिहायला किंवा बोलायला बसलात की आधी दोन साले समोर ठेवा. जन्म हिजरी २१, मदीना. मृत्यू हिजरी ११०, बसरा. इसवी सन काढायला हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. म्हणजे ६४२ आणि ७२८. नुसते ६२२ मिळवले तर मृत्यूसाल ७३२ येते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता गोष्ट या सालांशी ताडून बघा. सर्वांत लोकप्रिय गोष्टी सूफी संत राबिया आणि हसन यांच्या संवादाच्या. राबियांचा मृत्यू हिजरी १८५, म्हणजे ८०१ चा. हसन गेले तेव्हा त्या साधारण दहा ते चौदा वर्षांच्या असणार. फारसी कवी फरीदुद्दीन अत्तार यांनी या गोष्टी रंगवल्या त्या बाराव्या-तेराव्या शतकात. गोष्टी सुंदर आहेत, जरूर सांगा. पण भक्तिकथा म्हणून, चरित्र म्हणून नव्हे.

वचन असेल तर ते कोणी कोणाकडून ऐकले, ती साखळी पाहा. हसन थेट पैगंबरांचे नाव घेऊन सांगतात, तिथे मधला माणूस गळालेला असतो, कारण पैगंबर ६३२ मध्येच गेले होते. अशा हदीसला, म्हणजे पैगंबरांच्या नावाने सांगितलेल्या वचनाला, ‘मुर्सल’ म्हणतात. जुने चरित्रकार इब्न साद (मृत्यू ८४५) यांची नोंद मिळाली तर अत्तारांच्या आधी तीच धरा. खलिफा अब्दुल मलिकला लिहिलेले म्हणतात ते पत्र खरेच हसन यांचे का, यावर अभ्यासकांत वाद आहे. वापरायचे तर तसे नमूद करून.

त्यांना रानातला बैरागी मात्र करू नका. तरुणपणी ते पूर्व इराणच्या मोहिमांवर गेले, इराकचा सुभेदार हज्जाज याच्या रोषामुळे अनेक वर्षे लपून राहिले, पुढे बसऱ्याचे काझी झाले. त्यांचे वैराग्य भर शहरातले, सत्तेला सुनावणारे होते. त्यांच्या उपदेशाची धार तिथून येते.

सूफी परंपरांच्या शजऱ्यांत, म्हणजे गुरुशिष्यांच्या नामावळीतही, हसन यांचे नाव येते. खुलदाबादच्या बुऱ्हानुद्दीन गरीब यांची सूफी परंपरा चिश्ती. चिश्ती शजऱ्यात अली (पैगंबरांचे जावई), हसन बसरी, अब्दुल वाहिद बिन जैद, फुजैल बिन इयाज असा क्रम येतो. कादरी या दुसऱ्या सूफी परंपरेच्या शजऱ्यात हसननंतर हबीब अजमी. दोन्हींची सरमिसळ सहज होते. शजऱ्यात नुसते ‘हसन’ दिसले तर ते अलींचे पुत्र की बसरी, हे पुढच्या नावावरून ठरवा. हसन बसरी यांनी अलींकडून प्रत्यक्ष ऐकले का, यावर हदीसतज्ज्ञांत मतभेद आहेत. म्हणून ‘अलींचे शिष्य’ असे ठोक न लिहिता ‘चिश्ती परंपरेनुसार’ हे शब्द आधी घाला.