घरातल्या मूर्ती मुलांच्या खोलीत शोधताय? आईबापांनो, या चुका टाळा

बायबलमधली राहेल आठवते ना? माहेरून निघताना तिने बापाच्या, लाबानाच्या गृहदेवता चोरल्या, उंटाच्या खोगिरात लपवल्या आणि वर स्वतः बसून राहिली (उत्पत्ती 31). लाबानाने सगळे तंबू पालथे घातले, काही सापडलं नाही. हे वाचलं की मला आपलीच घरं दिसतात, कारण आपणही मूर्ती, म्हणजे देवाची जागा घेणारं काहीही, शोधायला आधी मुलांच्या खोलीत शिरतो, मोबाईल, गेम, रील्स सगळं तपासतो, आणि आपण ज्याच्यावर बसलोय तिथून काही उठत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. आमच्याकडे एकदा कौटुंबिक प्रार्थना चालू होती, माझा फोन टेबलावर उलटा ठेवलेला, तो थरथरला आणि माझे डोळे उघडले, बघतो तर समोर मुलगी माझ्याकडेच बघतेय. आमेन झाल्यावर म्हणाली, पप्पा, आधी मेसेज बघून घ्या, मग गाणं म्हणू. चिडून नाही, अगदी समजूतदारपणे म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. तेव्हापासून प्रार्थनेच्या वेळी सगळे फोन ड्रॉवरमध्ये, पहिला माझा.

दुसरी चूक मार्कांची. परीक्षा जवळ आली की उपासनेला सुट्टी, क्लासला मात्र कधीच नाही. आपण तोंडाने काही म्हणत नाही पण मुलाला बरोबर कळतं की या घरात मोठं कोण आहे. बायबलमधला एली याजक, म्हणजे पुरोहित, काही वाईट माणूस नव्हता हो, पण तू माझ्यापेक्षा आपल्या मुलांना जास्त मान देतोस, असं देवाने त्याला सुनावलं (1 शमुवेल 2:29). मुलांच्या करिअरवर प्रेम करता करता तेच करिअर कधी वेदीवर जाऊन बसतं ते कळतही नाही, आणि मग निकाल मुलाचा असतो पण मान आपली ताठ होते किंवा खाली जाते. हे मी आधी स्वतःलाच सांगतोय.

संडेस्कूलला पाठवलं की आपलं काम झालं, असंही नको. आठवड्याचे 168 तास, त्यातला तिथे एखादा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 6व्या अध्यायात, शिकवायचं काम आईबापांनाच दिलंय, तेही घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. चारही वेळा एकदम जमणार नाहीत, एक पकडा. निजतानाची सोपी पडते, 10 मिनिटं, मूल वाचेल आणि आपण ऐकायचं.

आता बंदी. प्रवचन ऐकून घरी आलो की जोशात वायफाय बंद, गेम डिलीट, आणि त्या रिकाम्या वेळात द्यायला आपल्याकडे काहीच नसतं. येशूने झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराची गोष्ट सांगितली, तिथे निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जण घेऊन परत येतो (मत्तय 12). म्हणून काही काढून घ्यायच्या आधी त्या जागी काय देणार ते ठरवा, एकत्र चालायला जाणं असेल, गाणं असेल, कुणा आजारी माणसाला भेटायला जाणं असेल, पण त्यात आपण स्वतः हजर पाहिजे.

आणि वचनाची छडी करू नका. शिक्षा म्हणून स्तोत्र लिहायला लावलं तर त्या मुलाला स्तोत्र आयुष्यभर शिक्षाच वाटेल. मुलांना चिरडीस आणू नका, हे इफिसकरांस 6:4 मध्ये बापांना उद्देशूनच सांगितलंय.

काही जण विचारतात, घरात आम्हा दोघांपैकी एकालाच हे पटतं, मग काय करायचं? प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, विश्वास त्याच्याकडे आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. तेव्हा एकटे असाल तरी सुरू करा, जोडीदाराला मुलांसमोर कमी लेखू नका.

आणि मूल मोठं झालंय, बसायलाच तयार नाही, असं असेल तर आधी आपली चूक त्याच्यासमोर कबूल करा, मी तुला देवापेक्षा मार्कांचं जास्त सांगितलं, माफ कर, इतकंच, पुढे लेक्चर नको. आमचा मोठा बरेच दिवस यायचाच नाही, आम्ही ओढून आणलं नाही, फक्त दार उघडं ठेवायचो. मग एका रात्री तो दाराशी उभा राहून ऐकत होता, काही बोलला नाही, आत आला आणि आपला फोन ड्रॉवरमध्ये माझ्या फोनशेजारी ठेवला.